वावटळ मनगटावर

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या एका सहकाऱ्यांच्या निवृत्तीसाठी वर्गणी जमते आहे. चावीचे घड्याळ द्यायचे, तेही ‘स्वस्तातले टूरबियाँ’, अशी टूम निघाली आहे. वर्गणी सगळ्यांची, म्हणून हे चार शब्द.

टूरबियाँ म्हणजे फ्रेंचमध्ये वावटळ. पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने १८०१ साली याचे पेटंट घेतले. तेव्हा घड्याळ खिशात दिवसभर उभे असे. गुरुत्वाकर्षणामुळे बॅलन्स व्हीलची लय किंचित बिघडे. ब्रेगेने ते चाक आणि एस्केपमेंट एका नाजूक पिंजऱ्यात बसवून पिंजराच फिरता केला. आता तो बहुधा मिनिटाला एक फेरा घेतो आणि चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. मनगट मात्र सतत हलते, तिथे हा उपयोग फारसा उरत नाही. उरते शोभा. मला तीही पुरेशी वाटते!

२०१६ साली टॅग ह्यूअरने सुमारे १५ हजार स्विस फ्रँकला टूरबियाँ आणले, तर तेही ‘स्वस्त’ ठरले. चिनी त्याहून पुष्कळ कमी किमतीत मिळतात, आणि त्यांतली कित्येक अस्सल असतात. फसगत होते ती तबकडीला भोक पाडून चाक दाखवणाऱ्या घड्याळांत. चाक जागच्या जागी मागे-पुढे झुलत असेल, तर ते ‘ओपन हार्ट’. चाकासकट अख्खा पिंजरा फिरला, तरच टूरबियाँ. दुकानदार वैतागला तरी मिनिटभर बघत राहा.

आणि पैसे मोजण्यापूर्वी, दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्या. कोपऱ्यावरच्या घड्याळजीला तो पिंजरा उघडायला लावू नका.