बांधावरून चालताना

सहल म्हटली की आपल्या घरात लेणी नाहीतर समुद्र. परदेश ही तर दूरची गोष्ट. परंतु कर्मचारी संघटनेच्या कामासाठी आम्हाला फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे जाण्याचा योग आला. काम आटोपल्यावर तीन दिवसांची रजा जोडून घेतली आणि उत्तरेकडील इफुगाओ प्रांतातील भातखाचरे पाहण्यास निघालो.

मनिलाहून सुमारे ३५० किलोमीटर, रात्रभर बस. सकाळी बनावे हे डोंगरातील गाव आले. तेथून जीपने काही अंतर आणि पुढे पायी बताड. शेवटचे वळण संपले आणि आम्ही जागीच थांबलो. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला, जणू सभेसाठी अर्धगोलात मांडलेली बैठक. मधोमध लहानसे गाव. प्रत्येक पायरी म्हणजे एक भातखाचर आणि प्रत्येक खाचराला दगडांचा बांध, कोठे कोठे माणसाच्या उंचीहून उंच!

येथे वेगळी पायवाट नाही. बांधाचा माथा हीच वाट. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खोल उतार, कठडा नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आमच्या पायांना दहा मिनिटांत घाम फुटला. सोबतचा वाटाड्या तरुण हसून म्हणाला, "पडायचेच असेल तर चिखलाकडे पडा."

वाटेत पाण्याची व्यवस्था समजली. माथ्यावर घराण्यांनी राखलेली झाडी असते, तिला मुयोंग म्हणतात. ती पावसाचे पाणी धरून ठेवते. झऱ्याचे पाणी पाटाने वरच्या खाचरात येते, ते भरले की खालच्या खाचरात उतरते. वरच्याने पाणी अडवले तर खालचा उपाशी मरेल. पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही. म्हणून आम्ही तेथे बराच वेळ उभे राहिलो.

ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत असे माहितीपत्रके सांगतात. स्टीफन अकाबादो या पुरातत्त्व संशोधकाने उत्खननावरून वेगळे मत मांडले आहे. पूर्वी येथे अळूचे पीक असे. भाताची खाचरे मोठ्या प्रमाणावर वाढली ती सुमारे चारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश सत्ता आल्यानंतर. म्हणजे परक्या राजवटीपुढे मान न तुकवता डोंगरात टिकून राहिलेल्या माणसांचे हे काम. वय कमी झाले म्हणून त्याची थोरवी कमी होत नाही, उलट आमच्या मनात ती वाढली.

हे बांध एकमेकांच्या श्रमावर उभे आहेत. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. आपल्याकडे यालाच सावड म्हणतात. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी बांधव याच रीतीने उतारावर भातखाचरे काढतात, त्याला पडकई म्हणतात. ती पाहायला मात्र कोणी विमानाने येत नाही.

आमच्या वाटाड्याचे स्वतःचे खाचर नव्हते. तेथील रिवाजाप्रमाणे चांगली शेते थोरल्या अपत्याला मिळतात, मग तो मुलगा असो वा मुलगी. याची थोरली बहीण शेताची मालक, आणि हा पाहुण्यांच्या पिशव्या उचलून पोट भरणारा. मुलीला जमीन मिळते हे ऐकून आनंद झाला, पण धाकट्यांचे काय? भाताचे देशी वाण वर्षातून एकदाच पिकते. तरुण शहराकडे जातात, बांध ढासळला तर उचलायला हात नाहीत. १९९५ साली युनेस्कोने येथील पाच ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. २००१ साली तीच धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत गेली, आणि २०१२ साली त्या यादीतून बाहेर आली. गौरवाच्या पाटीने बांध उभा राहत नाही, तो दरवर्षी हातांनीच उभा करावा लागतो.

एक चूकही कबूल करतो. बनावे येथे रस्त्याकडेला पारंपरिक पोशाखातील एक आजी बसल्या होत्या. आम्ही न विचारता मोबाईल पुढे केला. त्यांनी तोंड फिरवले. आम्ही ओशाळलो. लहानपणी आमच्या वस्तीतही पाहुणे येत, झोपड्यांचे फोटो काढत, पण कोणाच्या घरचे पाणी पीत नसत. तोच पाहुण्यांचा डोळा आज आमच्या कपाळी आला होता! आम्ही फोटो पुसला आणि हात जोडून क्षमा मागितली. भाषा वेगळी, पण त्यांना समजले असावे.

आमची आई कोकणात दुसऱ्याच्या शेतात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करी. त्या शेताचा हिरवा रंग पाहून कोणी सुंदर म्हटले, तर ती म्हणे, "कंबर माझी मोडली, ते दिसत नाही का?"

वाचकहो, बताडलाच गेले पाहिजे असे नाही. पावसाळ्यात मुलांना घेऊन घाटात जाल तेव्हा हिरव्या खाचरापाशी थोडे थांबा. बांध तुडवू नका, फोटोआधी परवानगी घ्या, शेतातील बाईला राम राम करा. आणि मुलांना एक प्रश्न जरूर विचारा, "हे शेत बांधले कोणी, आणि ते आहे कोणाचे?"