एलियाची माती आणि एलियाचा मलिदा

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी १८२० च्या सुमारास बायबलातील कथांच्या रंगीत मृत्तिकाप्रतिमा घडवल्या. संग्राहक त्यांत घडणीचा कस आणि किंमत पाहतात. मला त्या कथेच्या वाचनाच्या नोंदी वाटतात. एलिया संदेष्ट्याचेच पाहा. त्याच्या चरित्रात अग्निरथातून स्वर्गारोहण आहे. पण या कुंभारांचा आवडता प्रसंग वेगळाच: दुष्काळात ओढ्याकाठी बसलेला एलिया, त्याला अन्न पुरवणारा कावळा, आणि जोडीला सारफथची विधवा, जिच्या घरचे पीठ व तेल सरत नाही. भव्यतेपेक्षा भाकरी! ही निवड म्हणजे भाष्यच नव्हे काय?

हाच एलिया पेण-रोह्याच्या परिसरात बेने इस्रायलांचा ‘एलियाहू हन्नाबी’ झाला. गणेशमूर्तींसाठी ख्यातनाम असलेल्या पेणच्या मातीत त्याची मूर्ती घडली नाही. धर्माज्ञेला मूर्ती वर्ज्य. त्याच्या नावे होतो तो मलिदा: पोहे, गूळ, खोबरे, फळे. इथे प्रसंगही रथाचाच निवडला गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्यातील खडकावरच्या खुणा त्या रथाच्या मानल्या जातात. शिवाय १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलातील कथांवर चक्क मराठी कीर्तने रचली.

आपला अभ्यासक्रम मात्र बायबलकथेसाठी ‘ख्रिस्तपुराणा’पाशी (१६१६) थांबतो. रोहेकर, पेणकर ही आडनावे मिरवणारी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. त्यांची कीर्तने एम.ए.च्या वर्गात का नसावीत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.