पोटभाडेकरूची गस्त

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो. खिडक्यांना काळे कागद डकवलेले, जिन्यातले दिवे बंद, आणि चाळकऱ्यांनी रात्रीची गस्त ठरवलेली. दर बिऱ्हाडामागे एक पुरुष. यादी झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका पोटभाडेकरूपाशी गाडी अडली. "माझं नाव भाडेपावतीवर नाही. चाळीच्या सभेत मला मत नाही. उद्या खोली सोड म्हणाले तर मुकाट्यानं सोडावी लागेल. मग गस्त मी का घालू?" असा त्याचा सवाल. त्यावर तळमजल्यावरचे एक म्हातारे मास्तर म्हणाले, "अहो, बॉम्ब काय पावती बघून पडणार आहे?"

सारे हसले. तो हसला नाही. पण रात्री काठी घेऊन आला. लढाई संपेपर्यंत त्याने आपली एकही पाळी चुकवली नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याला खोली खाली करावी लागली. त्या वेळी त्याच्या गस्तीची आठवण कोणी काढली नाही. खोटे कशाला सांगू, मीही काढली नाही.

पन्नासाहून अधिक वर्षांनी हा गृहस्थ मला आठवला तो सिंगापुरात, भाच्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

माझा भाचा तिकडे इंजिनिअर आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना तो बायकोमुलासह पुण्याहून गेला, आणि काही वर्षांनी तिघांनाही 'कायमचे रहिवासी' असा दाखला मिळाला. नागरिक मात्र भारताचेच; कारण आपला कायदा एका वेळी दोन देशांचे नागरिकत्व ठेवू देत नाही. सगळे सुरळीत चालले होते. दोन वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा मुलगा साडेसोळा वर्षांचा झाला होता आणि सरकारचे बोलावणे आले होते: सैन्यसेवेसाठी नाव नोंदवा.

"मामा, तुम्हीच सांगा आता," भाचा म्हणाला. "हा आपल्या देशाचा मुलगा. याने दुसऱ्याच्या सैन्यात दोन वर्षं का घालवायची?"

मी काय सांगणार? आधी समजून तर घ्यायला हवे. त्या आठवड्यात जे कळले ते असे.

सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियापासून वेगळे होऊन स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्यापाशी पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या. म्हणून १९६७ मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला. पाठोपाठ, १९६८ च्या जानेवारीत, ब्रिटिशांनी आपले तळ आवरते घेण्याचे जाहीर केले आणि ती निकड किती खरी होती हे साऱ्यांना पटले. आज अठराव्या वर्षी प्रत्येक मुलाला दोन वर्षे सैन्यात, पोलिसांत किंवा अग्निशमन-नागरी संरक्षण दलात काढावी लागतात. मुलींना सक्ती नाही. दोन वर्षांनी सुटका होते असेही नाही. पुढे दहा वर्षे, वर्षाला ४० दिवसांपर्यंत, सरावाला बोलावतात. साध्या शिपायाची बांधिलकी चाळिशीपर्यंत आणि अधिकाऱ्याची पन्नाशीपर्यंत राहते.

आता आमच्या प्रश्नाचा भाग. ही सक्ती नागरिकांना आहे, तशी कायमच्या रहिवाशांनाही आहे. पण गंमत अशी, की जो आपल्या शिक्षणाच्या नि कौशल्याच्या जोरावर रहिवासी झाला त्या बापाला सूट आहे. आईबापांच्या आधाराने रहिवासी झालेल्या मुलाला मात्र सूट नाही. पगार बापाने घेतला, कवायत मुलाने करायची!

नको असेल तर दाखला परत करता येतो. पण त्यालाही किंमत आहे. सेवा न करता दाखला सोडला, तर तो मुलगा पुढे शिकायला किंवा नोकरीला यायचे म्हणाला की ही गोष्ट त्याच्या विरुद्ध धरली जाते. आईबापांच्या परवान्याच्या नूतनीकरणावरही तिचा परिणाम होऊ शकतो. शिवाय मुलगा तेरा वर्षांचा झाला, की त्याला तीन महिने किंवा अधिक काळ देशाबाहेर ठेवायला परवाना लागतो. दोन वर्षे किंवा अधिक काळ ठेवायचे तर जामीन भरावा लागतो, आणि तो किमान ७५,००० डॉलर. तेव्हा आधी आजोळी पाठवू आणि मग बघू, ही आपली नेहमीची युक्ती तेथे चालत नाही.

तरी पुष्कळजण जातात. २०११ मध्ये तेथल्या संसदेत जी माहिती दिली गेली तिच्यावरून, आधीच्या पाच वर्षांत ज्यांच्यावर ही सेवा आली त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांशांनी सेवेऐवजी दाखला सोडणे पसंत केले होते.

त्या रात्री टेबलाशी दोन पक्ष पडले. भाच्याचा पक्ष आपल्या पोटभाडेकरूचाच. "मला मत नाही. माझा परतीचा परवाना दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. कर मी एक पैसा न बुडवता भरतो. मग आणखी मुलगा का द्यायचा?" शिवाय एक बाप म्हणून त्याला भीती होती, ती मला खोटी म्हणवेना. लढाई नसली तरी सरावात अपघात होतात. २०१९ च्या जानेवारीत अ‍ॅलॉयसियस पँग हा तेथला अवघ्या २८ वर्षांचा लोकप्रिय नट न्यूझीलंडमधल्या सरावात तोफेच्या यंत्रणेत सापडून जखमी झाला आणि वारला. "हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, मामा," भाचा म्हणाला. यावर मी काय बोलणार?

सुनेचा पक्ष निराळा. ती म्हणाली, "इथल्या शाळेत तो शिकला. रात्री बाराला एकटा बसने घरी येतो आणि मी निर्धास्त झोपते. ही निर्धास्ती काय फुकट येते? शेजारच्या बाईंचा मुलगा जाणार, आणि आमचा त्या दोन वर्षांत पदवीच्या निम्म्या वाटेवर पोहोचणार! जिन्यात त्यांना तोंड कसं दाखवायचं?" ही शेजारणीची अडचण मला सगळ्या पुस्तकी युक्तिवादांहून वजनदार वाटली. २०२४ च्या आकड्यांप्रमाणे तेथे सुमारे ६० लाख वस्ती. तीत नागरिक ३६ लाख आणि कायमचे रहिवासी साडेपाच लाखांच्या आतबाहेर. एवढ्या लहान घरात कोण पाळी चुकवतो ते सर्वांना दिसते.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला क्रांजीच्या युद्धस्मारकावर घेऊन गेला. ज्यांचे देह सापडले नाहीत अशा २४,००० हून अधिक सैनिकांची नावे तेथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत आपली नावे किती! दूरदूरच्या खेड्यांतून आलेली ही माणसे सिंगापूरची नागरिक नव्हती, रहिवासीही नव्हती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मुलगा एकेक नाव वाचीत हळूहळू चालला होता. मध्येच म्हणाला, "आजोबा, पहाऱ्याला आणलेल्या माणसांना इथे राहू देत नाहीत, हे ठाऊक आहे तुम्हाला?" त्याचा रोख गुरख्यांकडे होता. १९४९ पासून सिंगापूरच्या पोलिसांत नेपाळी गुरख्यांचे एक पथक आहे. मोठे कडवे आणि विश्वासाचे. पण नोकरी संपली, की त्यांना बायकामुलांसह नेपाळला परतावे लागते. मुले तिथल्याच शाळांत शिकलेली असली तरीही. म्हणजे जो राखण करतो त्याला राहता येत नाही, आणि जो बाप राहतो त्याला राखण करावी लागत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला हे दिसले, याचे मला कौतुक वाटले आणि थोडी लाजही वाटली.

अशी विसंगती एकट्या सिंगापूरची नाही. अमेरिकेतही कायम रहिवासाचा दाखला असलेल्या १८ ते २५ वर्षांच्या पुरुषांची नोंदणी होते. सक्तीची भरती तेथे १९७३ मध्ये थांबली. त्याआधी व्हिएतनामच्या लढाईत असे परदेशी रहिवासीही भरतीत ओढले गेले होते. आणि भगतसिंग थिंद यांची हकीकत तर ऐकण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात हे पंजाबी गृहस्थ अमेरिकेच्या सैन्यात होते. पुढे नागरिकत्वाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९२३ मध्ये निकाल मिळाला की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. गणवेश चालला, माणूस चालला नाही! पुढे कायदा बदलला आणि १९३६ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले.

सक्तीबद्दल मला स्वतःला फार भीती नाही. मी कॉलेजात असताना, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, एन.सी.सी. सक्तीची झाली होती. पहाटे उठून खळ घातलेली खाकी चढवायची, बूट चमकवायचे, आणि मैदानावर डावे-उजवे करायचे. १९६८ मध्ये सक्ती उठली. आमच्यापैकी कोणी शूर झाला असे म्हणवत नाही. पण शिक्षणमंत्र्यांच्या पुतण्याने आणि शिपायाच्या मुलाने एका रांगेत उभे राहायचे असते, एवढे अंगी मुरले. सक्तीचे पुण्य असेल तर तेच. आपल्या राज्यघटनेनेही २३ व्या कलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायला मुभा ठेवली आहे. अट एकच: धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेद करायचा नाही.

तेव्हा माझे मत विचाराल, तर ते असे. जो घरात कायमचा राहतो त्याने गस्तीची पाळी घ्यावी. मास्तरांचे म्हणणे बरोबर होते. बॉम्ब पावती बघत नाही. पण पाळी मागायची तर ती बापाकडेही मागावी, नुसती मुलाकडे नको. २०१४ मध्ये सिंगापूरने रहिवासी आणि स्त्रिया यांच्यासाठी एक स्वयंसेवक दल काढले. ते योग्य दिशेचे पाऊल आहे, पण ते ऐच्छिक आहे. दुसरे म्हणजे, ज्याने दोन वर्षे दिली त्याला नागरिक व्हायचे असेल तर ती मेहेरबानी नसावी, हक्क असावा. आज तो फक्त अर्ज करू शकतो. आणि तिसरे, ज्या वयात मुलाच्या हाती बंदूक देता, त्याच वयात राहायचे की जायचे हा निर्णयही त्याच्याच हाती द्यावा. बापाने पूर्वी केलेल्या सहीचा जन्मभराचा दंड मुलाला नको.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे सरकारला सांगा. मला सांगा, मी काय करू?" मी म्हटले, "तू काही करू नकोस. त्याला विचार." इतके दिवस त्या घरात सर्वांना सर्व विचारून झाले होते. मुलालाच तेवढे राहिले होते.

मुलगा म्हणाला, "माझे सगळे मित्र जाणार आहेत. मी नाही गेलो तर पुढे कुठेही राहिलो तरी मला वाटेल, की मी पळालो." बस्स. तेवढ्यात सुनेने शाकाहारी जेवण मिळते का याची चौकशी सुरू केली, तेव्हा निकाल लागला हे मी ओळखले.

गेल्या महिन्यात तो पुलाव टेकाँग नावाच्या बेटावर भरती झाला. पहिल्या दिवशी आईबापांना बोटीने बरोबर नेतात, मुलांची झोपायची जागा दाखवतात, तेथलेच जेवण वाढतात. रात्री भाच्याचा फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, "मामा, परत येताना बोटीत बसलो आणि वाटलं, खरं तर मी मागं राहायला हवं होतं."

मला गिरगावातली ती काठी आठवली. दोन वर्षांनी मुलाची सेवा संपेल. तेव्हा त्याच्या गस्तीची आठवण कोणी ठेवतो की नाही ते पाहायचे आहे. या खेपेला मी तरी विसरणार नाही.