काकवीचा रंग

मलकापूर नावाची निदान तीन गावे महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत. एक कराडला लागून, दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात आणि तिसरे आमचे, बुलढाणा जिल्ह्यातले. पहिली दोन उसाच्या मुलखात वसलेली; आमचे कापसाच्या. येथे सरकी आणि गठाणींची भाषा चालते. त्यामुळे काकवी आमच्या घरात येते ती पाहुण्याच्या पिशवीतून. ज्वारीच्या ऊन भाकरीवर तुपासोबत तिची धार धरली की पंगतीतले बोलणे काही वेळ थांबते. मुले मात्र हल्ली विचारतात, "हा मध आहे का?"

काकवी म्हणजे गूळ होण्याच्या अलीकडचा उसाचा पाक. रस कढत कढत साधारण १०५ अंशांवर आला असता काढून घेतला तर काकवी; तोच पुढे ११८ अंशांच्या आसपास नेला की गूळ. कित्येक जण शब्दकोश पाहून तिला साखर कारखान्यातील मळी समजतात. हा तिच्यावर अन्याय आहे. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरते ती मळी. तिची वाट मद्यार्काकडे आणि आता इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलच्या टाकीकडे जाते. काकवीतून निघालेला असतो तो केवळ मळ. गोडी सारी तिच्यातच राहते.

नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त चार वर्षे कोल्हापुरात काढली, तेव्हा गुऱ्हाळ जवळून पाहता आले. बैलांचा चरक तोवर मागे पडून इंजिनाचा घाणा आलेला होता. बाकीची रीत मात्र जुनीच. पिळून निघालेला रस भल्या थोरल्या काहिलीत पडायचा. खाली चुलाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळायची, म्हणजे सरपणासाठी झाड तोडायला नको. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळ फेसाबरोबर वर येई आणि तो झाऱ्याने काढला जाई. या सगळ्यावर राज्य गुळव्याचे. त्याच्यापाशी तापमापक नव्हता. उकळीचा आवाज आणि बुडबुड्यांचा आकार पाहून तो अंदाज घ्यायचा, थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघायचा, आणि मग आदण उतरवण्याचा हुकूम सुटायचा. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपणार, लवकर उतरवला तर ढेप बसणार नाही. त्या दोन चुकांच्या मधल्या अरुंद पट्टीत त्याची उभी हयात गेलेली असे. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत धाडायचे नाही, हा तिथला अलिखित नियम. वाटसरू असो की शाळेतून पळालेला पोरगा, रसाचा तांब्या आणि पानावर ऊन गूळ त्याच्या वाट्याला यायचाच.

पण या आठवणी सांगताना त्यातला धूर विसरू नये. रात्ररात्र वाफेत उभे राहणे, भाजलेले हात, चरकात सापडून गेलेली बोटे, हेही गुऱ्हाळच होते. गुळव्याचा मुलगा गुळव्या झाला नाही, यात त्याला दोष कसा द्यावा? आम्हा पत्रकारांच्या लेखणीत तर गुऱ्हाळ आता 'चर्चेचे गुऱ्हाळ' एवढ्यापुरतेच उरले आहे. ज्या जागी रात्रीतून रसाचा गूळ होई, तिचे नाव आम्ही निष्पन्न काहीच न होणाऱ्या बैठकांना देऊन टाकले!

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मधल्या काळात, १९५० मध्ये, प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वाटेने पुढे शेकडो गावांचा ऊस गेला. शेतकऱ्याचे त्यात काही चुकले नाही. कारखान्याच्या उसाला कायद्याने किमान दर आहे. गुळाचा भाव सौद्याच्या दिवशी कळतो.

खरी गोम वेगळीच आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्याला गूळ पिवळाधमक हवा. उसाचा निव्वळ गूळ तांबूस, गडद निघतो. पावसाळ्यात ओल धरतो, पाझरतो. म्हणून त्याला उजळ करण्यासाठी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घातले जाते. कोठे कोठे रसात सरळ साखरच मिसळली जाते आणि ढेपेवर नाव मात्र गुळाचे. गुऱ्हाळवाल्याला बोल लावणे सोपे आहे. परंतु गडद ढेपेला सौद्यात कमी भाव मिळतो तो आपण ती नाकारतो म्हणून. स्वदेशीवर व्याख्याने ऐकून घरी परतणाऱ्या कुटुंबातही किराण्याच्या यादीत गुळापुढे 'पिवळा' असे आवर्जून लिहिलेले असते. हा डोळा आपल्याला पांढऱ्याशुभ्र साखरेने दिला आणि आपण तो गुळावर रोखला.

काकवी या परीक्षेतून सुटली आहे, कारण ती गडद असावी हे अजून सर्वांना मान्य आहे. (तिला औषध ठरवण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यापासून मात्र सांभाळावे. मधुमेह्याला साखर वर्ज्य आणि गूळ-काकवी पथ्याची, हा समज धोक्याचा आहे.) जो रंग बाटलीत चालतो, तोच ढेपेत का खटकावा?

आमच्याकडे पुरणाच्या मांड्यांना, संक्रांतीच्या तिळगुळाला, देवाच्या नैवेद्याला पिवळा गूळ. गडद ढेप दुकानाच्या मागल्या बाजूला असते. ती लागते गोठ्यात, व्यालेल्या जनावराला. म्हणजे निर्भेळ ते गायीला आणि रंगवलेले ते देवाला व लेकरांना, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. गेल्या संक्रांतीच्या आधी मी दुकानात तो गडद गूळ किलोभर मागितला. दुकानदाराने तराजू पुढे ओढला आणि आपुलकीने विचारले, "गाय जनली का, भाऊ?"