दहा अवतार, दहा गाणी
कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. आधी गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर; विष्णूने त्याला मारलं की आख्यान सुरू. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. ‘दशावतार’ याच नावाने मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या मेटल बँडने २०१७ मध्ये अल्बम काढला. साहिल मखिजाने २००० मध्ये हा बँड उभारला. आपल्याकडच्या नाटकाच्या नावात दहा अवतार असले, तरी एका रात्री आख्यान एकच. या अल्बमात मात्र मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला स्वतंत्र गाणं आहे. खरखरीत गिटारी, ड्रमचा अखंड मारा, घशाच्या तळातून काढलेली गर्जना, आणि मधूनच उमलणारे भारतीय वाद्यांचे सूर. शब्द इंग्रजी, पण नरसिंहाचा कोप ओळखायला शब्दांची गरज पडत नाही. एरवी परदेशी वाटणारं हे संगीत इथे आपल्या पुराणकथेत घट्ट रुजलं आहे. कोकणातल्या तरुणांनी हा अल्बम जरूर ऐकावा, आणि मग गावच्या धयकाल्याला, म्हणजे दशावताराला, पहाटेपर्यंत बसावं.