चाळिशी उलटलेला कारागीर आणि नवी अवजारे

मुलगा ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे असे सांगताना आपल्या समाजातील आईबापांच्या मुखावर आज जे समाधान दिसते, ते एके काळी मुलगा शिक्षक झाला किंवा सरकारी कचेरीत लागला असे सांगताना दिसत असे. हे समाधान रास्तच आहे. ज्यांचे पूर्वज पाच वर्षांच्या करारावर मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले आणि सरदाराच्या हाकेसरशी उसाच्या मळ्यात राबले, त्यांच्या वंशजाने एबेनच्या इमारतीत बसून परदेशी व्यापाऱ्यांची संकेतस्थळे रचावीत, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? तथापि हाच मुलगा पंचेचाळीस वर्षांचा झाला म्हणजे त्याला काम कोण देणार, याचा विचार आपण अद्याप केलेला नाही.

प्रश्न काल्पनिक नव्हे. एबेनचे संगणकनगर उभे राहून वीस वर्षे लोटली आणि तेथे पंचविशीत शिरलेली पहिली पिढी आता माझ्या वयाची झाली आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना गतवर्षी मुलाखतीत, ‘आमची मंडळी तरुण आहेत, आपणांस रुळणे जड जाईल,’ असे मोठ्या सौजन्याने सांगण्यात आले. त्यांनी केलेले काम पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. त्यांच्या मातोश्रींनी मळ्यात खुरपणी करून त्यांना शिकविले होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

मालकाची भीती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. या धंद्यातील अवजारे फार लवकर गंजतात. प्रारंभी पानाची मांडणी तक्त्यांच्या चौकटी पाडून करीत. १९९६ साली सीएसएसचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि हळूहळू ती रीत मागे पडली. पुढे ‘फ्लॅश’ जाणणाऱ्यास मोठा मान आला. २००७ साली निघालेल्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही, आणि २०२० च्या अखेरीस अ‍ॅडोबी कंपनीने स्वतःच त्याचा आधार काढून घेतला. ज्याने दहा वर्षे केवळ फ्लॅशच जोपासले, त्याची दहा वर्षे त्याबरोबर गेली. २०१० साली ईथन मार्कोट यांनी एकच पान लहानमोठ्या पडद्यांना जुळते करण्याची रीत मांडली, २०१७ साली ‘ग्रिड’ची मांडणी प्रमुख ब्राउझरांत आली, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात पानाचा कच्चा आराखडा पुढे ठेवते.

परंतु या साऱ्या धावपळीत न बदललेलेही पुष्कळ आहे, आणि नोकरी देणारे नेमके तेच विसरतात. १९९१ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत प्रसिद्ध झालेले पहिले संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडून वाचता येते, कारण ते साधे आहे. अंध वाचकासाठी चित्राला शब्दांचा पर्याय द्यावा, हा नियम १९९९ च्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत होता. २०२३ च्या आवृत्तीतही तो आहे. सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतका फरक असावा, हे प्रमाण २००८ पासून तसेच आहे. पेन्शनीचा अर्ज भरणारी आजी कोठे अडखळेल, मंद जोडणीवर कोणते पान रखडेल, गिऱ्हाईक जे मागते आहे ते त्याला खरोखर हवे आहे काय, हे ज्याने पंधरा वर्षे गिऱ्हाइकांची बोलणी ऐकली त्याला चटकन उमगते. उसातल्या माणसांना हे निराळे सांगावयास नको. खोडवा आणखी किती वर्षे राखावा आणि नवी लागण केव्हा करावी, हे शेत वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस सांगतो. तोडणीचे यंत्र तरुणाने चालविले म्हणून त्याचा सल्ला कोणी टाकीत नाही.

मग नवे शिकावयाचे केव्हा? माझ्या मते खरा अन्याय येथे आहे. अविवाहित तरुण रात्री दोनपर्यंत नवे तंत्र चाळीत बसतो आणि त्यालाच उत्साह म्हणतात. ज्याच्या घरी आजारी वडील आहेत, मुलांची परीक्षा आहे, त्याच्याजवळ ती रात्र नसते. बुद्धी मंदावली असा त्याचा अर्थ कसा होईल? आम्हा शिक्षकांना नवा अभ्यासक्रम आला की प्रशिक्षणाला पाठवितात. मालकही प्रशिक्षणासाठी कर भरतात आणि मानव संसाधन विकास परिषदेकडून त्याचा काही भाग परत मिळवू शकतात. तेव्हा शिकण्याचे तास कामाच्या तासांतच धरले पाहिजेत.

कायदाही मूक नाही. २००८ साली संमत होऊन २०१२ पासून अमलात आलेल्या समान संधी कायद्यात वयाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण ‘तरुण व उत्साही’ माणसे हवीत अशी जाहिरात वाचून दाद मागावयास कोण जातो? इकडे २०२५ च्या अर्थसंकल्पात मूलभूत निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून क्रमाक्रमाने ६५ वर नेण्याचे ठरले. पंचेचाळिसाव्या वर्षी दार लावून घ्यावयाचे आणि पासष्टीपर्यंत थांबा म्हणावयाचे, तर मधली वीस वर्षे माणसाने खावे काय?

माझ्या वयाच्या कारागिरांनाही चार शब्द कठोरपणे सांगितले पाहिजेत. ‘मला अठरा वर्षांचा अनुभव आहे,’ हे वाक्य मुलाखतीत उच्चारू नये. गेल्या दोन वर्षांत काय केले ते दाखवावे, आणि ते मोबाइलवर उघडून दाखवावे. वर्गातला मुलगाही जुन्या इयत्तेच्या गुणांवर वर चढत नाही!

आपल्या मंडळांची सभागृहे आठवड्यातील बऱ्याच संध्याकाळी रिकामी असतात. तेथे शनिवारी एक जाणता आणि एक नवशिका असे दोघे दोघे एकत्र बसावेत. तरुणाने नवे अवजार शिकवावे, जाणत्याने काम तपासावे. आरंभाला मंडळांचीच संकेतस्थळे घ्यावीत, कारण त्यांतील काहींवरचा गणेशोत्सवाचा कार्यक्रम मोबाइलवर वाचताना माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे.