बॅटरी ठेवायची कुठे?

संक्रांतीच्या दिवशी नागपुरातल्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून पाहा. पतंग उडवणाऱ्या मुलाचे डोळे आकाशात असतात, पण त्याचे खरे लक्ष बोटांतून जाणाऱ्या मांजाकडे असते. ओढ वाढली की तो ढील देतो, ओढ सैल पडली की खेचतो. वाऱ्याचा रंग त्याला डोळ्यांच्या आधी हात सांगतो. आता या दोरीच्या टोकाला पतंगाऐवजी छोटेसे विमान आहे अशी कल्पना करा. 'कंट्रोल-लाइन' प्रकारचे विमान म्हणजे नेमके हेच.

१९४० च्या सुमारास अमेरिकेतील जिम वॉकर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. रचना अगदी साधी आहे. उडवणाऱ्याच्या हातात एक हँडल असते. त्यापासून दोन बारीक पोलादी तारा निघतात व विमानाच्या डाव्या पंखातून आत जाऊन 'बेलक्रँक' नावाच्या छोट्या तरफेला जोडलेल्या असतात. हँडल तिरपे केले की तरफ फिरते, तिला जोडलेली काडी शेपटीवरचा एलिव्हेटर हलवते आणि विमान वर चढते किंवा खाली उतरते. विमान आपल्याभोवती गोल फिरत राहते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, त्यामुळे नागपुरातल्या काही छात्रांना हे विमान परिचयाचे असेल.

पण दोन तारांनी फक्त वर आणि खाली एवढेच साधते. एखाद्या खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची असेल, तर ते पुरत नाही. आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. १९४९ सालच्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत जात. सुरुवातीच्या काळात हे काम डाकोटा विमानांनी केले. अशी डाकोटा तुम्ही बनवलीत, तर तिची चाके आत मिटली पाहिजेत, उतरताना फ्लॅप खाली आले पाहिजेत, दिवे लागले पाहिजेत आणि मोटरीचा वेग कमीजास्त झाला पाहिजे. यासाठी आता रेडिओ हाताशी आहे. दहा ग्रॅमचा रिसीव्हर, चार-दोन सर्व्हो आणि एक बॅटरी एवढ्यात सारे जमते.

असेच एक विमान करायला घेतलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. "सर, बॅटरी कोणती घेऊ?" हा त्याचा प्रश्न. मी विचारले, "ठेवणार कुठे?" तो म्हणाला, "विमान तर तयारच आहे. जिथे जागा उरली असेल तिथे ठेवीन." जागा उरली होती पंखाच्या मागे, पोटात. बॅटरी तिथे गेली. शेपटी जड झाली म्हणून नाकात शिसे भरले. तेही कमीच पडले. पहिल्याच उड्डाणात विमानाने नाक वर केले, वेग गेला, तारा सैल झाल्या आणि तीन महिन्यांचे काम तीन सेकंदांत जमिनीवर आले.

माझे म्हणणे असे की, त्याने प्रश्न उलट्या क्रमाने विचारले. बॅटरी कोणती, हा दुसरा प्रश्न आहे. ती कुठे, हा पहिला. आणि त्याचे उत्तर दुकानदार देत नाही. ते तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आहे.

डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर. १:२० या प्रमाणात प्रतिकृतीचा विस्तार होतो १ मीटर ४५ सेंटिमीटर. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण १५ ते २० टक्के अंतरावर असावा. त्या बिंदूपासून नाक सुमारे ३० सेंटिमीटर पुढे येते, शेपटी मात्र सुमारे ६० सेंटिमीटर मागे. म्हणजे शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात दोन ग्रॅम भरावे लागतात. दहा ग्रॅमचा सर्व्हो शेपटीत बसवलात, तर वीस ग्रॅमचे भाडे नाकात द्यावे लागते.

आता समजा, बॅटरीशिवाय विमानाचे वस्तुमान १२०० ग्रॅम भरले आणि तोल हव्या त्या बिंदूच्या ३० मिलिमीटर मागे आला. बॅटरी ३०० ग्रॅमची आहे. तरफेचा नियम लावा. १२०० × ३० = ३०० × अंतर. अंतर येते १२० मिलिमीटर. म्हणजे बॅटरीचा मध्य तोलबिंदूच्या १२ सेंटिमीटर पुढे ठेवला की काम झाले, शिशाचा एक कणही नको. हीच बॅटरी तोलबिंदूवर ठेवली, तर नाकात १२० ग्रॅम शिसे भरावे लागेल. हे शिसे मोटर फिरवत नाही की दिवा लावत नाही. ते नुसते बसून प्रवास करते, आणि त्याच्यापायी विमानाला अधिक वेगाने उतरावे लागते. म्हणून नियम असा करा, की जे न्यायचेच आहे त्याच्याकडूनच तोल साधून घ्यावा. आणि हा हिशेब फेव्हिकॉल लावण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

इथवरचा हिशेब कोणत्याही विमानाला लागू आहे. कंट्रोल-लाइन विमानाची गंमत पुढे आहे. समजा, तारांची लांबी १८ मीटर आणि विमानाचा वेग सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. एका फेरीला ६.२८ सेकंद लागतील. बॅटरीसह दीड किलोच्या या विमानाला वर्तुळात ठेवायला लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. उत्तर २७ न्यूटन. तुमच्या हाताला पावणेतीन किलोची ओढ जाणवेल, म्हणजे विमानाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट.

बॅटरीलाही हे बल लागतेच. ती जागेवर राहावी म्हणून कोणीतरी तिला आतल्या बाजूला ५.४ न्यूटन बलाने धरून ठेवले पाहिजे. हे काम पट्टा करतो किंवा पेटीची भिंत करते. विमानात बसून पाहिले असते, तर बॅटरीचे वजन खाली ३०० ग्रॅम आणि बाहेरच्या पंखाकडे साडेपाचशे ग्रॅम भासले असते. म्हणजे या विमानात 'खाली' ही दिशा मुख्यतः आडवी आहे! बहुतेक मुले बॅटरी खाली पडू नये म्हणून बांधतात. ती बाजूला सरकू नये म्हणून बांधायला हवी. बाहेरच्या अंगाला पक्की भिंत, पुढे-मागे आडवे ठोकळे आणि वरून व्हेल्क्रोचा पट्टा, एवढे हवेच. आणि बॅटरीची एकही वायर बेलक्रँकच्या वाटेत येता कामा नये.

रिसीव्हरसाठी एक सूचना करतो. दोन पोलादी तारांचे वजन साधारण ३० ग्रॅम असते व त्यातला निम्मा भार डाव्या पंखावर येतो. तो तोलण्यासाठी उजव्या पंखाच्या टोकाला वजन लावण्याची जुनी पद्धत आहे. तिथे शिसे लावण्याऐवजी रिसीव्हरच उजव्या पंखात ठेवला तर? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे ॲन्टेनाचे उघडे टोक तीन सेंटिमीटरचेच असते. त्याला बॅटरी, मोटर व धातू यांपासून दूर जागा हवी असते. बाल्सा लाकडाच्या पंखात ती आयती मिळते. एका दगडात दोन पक्षी!

डाकोटाला मोटरी दोन. तेव्हा प्रत्येक मोटरीला वेगळी बॅटरी द्यावी, असे काहींना वाटते. मी तसे करणार नाही. समजा, वर्तुळाच्या आतल्या बाजूच्या मोटरीची बॅटरी आधी संपली. बाहेरची मोटर बाहेरचा पंख पुढे ढकलत राहील, विमानाचे नाक तुमच्याकडे वळेल, आणि तारा सैल पडतील. एकच बॅटरी दोन्ही मोटरींना दिली, तर ती संपताना दोन्ही मोटरी बरोबरच मंदावतात.

आता मुख्य आक्षेप. काही पालक विचारतात, रेडिओ बसवलाच आहे, तर एलिव्हेटरही रेडिओनेच चालवा, या तारा हव्यात कशाला? बाजारात ड्रोन मिळत असताना हे बांधलेले विमान मागासलेले नाही का?

मला तसे वाटत नाही. तारांवर एलिव्हेटर असेल, तर रेडिओ बंद पडला तरी विमान तुमच्या हातात राहते. रिसीव्हरमध्ये अशी सोय करून ठेवा, की संदेश तुटताच मोटरी थांबतील. मग तुम्ही एक-दोन पावले मागे सरकून तारा ताठ ठेवता आणि विमान अलगद उतरवता. ही सोय खरोखर चालते का, हे आधी जमिनीवर, कोणीतरी विमान घट्ट धरलेले असताना, ट्रान्समीटर बंद करून तपासा. एलिव्हेटरही रेडिओवर असता, तर त्या क्षणी तुम्ही नुसते प्रेक्षक झाला असता. म्हणून चाके, फ्लॅप, दिवे व मोटरीचा वेग रेडिओकडे जावा, एलिव्हेटर मात्र हातात राहावा, असे माझे मत आहे. तयार ड्रोनमध्ये तोल सांभाळण्याचे काम आतले यंत्र करते. तुमची चूक ते झाकून टाकते. तारांवरचे विमान चूक झाकत नाही, लगेच हाताला सांगते. शिकणाऱ्याला दुसरे काय हवे?

सुरक्षेच्या बाबतीत मी कडक आहे. तारा, हँडल व बेलक्रँक उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढीने तपासा. विजेच्या तारांजवळ कधीही उडवू नका. कोराडी व खापरखेड्याहून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या आपल्याकडे शेतांवरून, माळरानावरून सगळीकडे गेल्या आहेत आणि तुमच्या हातात पोलादी तार आहे, हे विसरू नका. जमिनीवरून मोजलेले अंतर तुमच्या तारांच्या लांबीच्या तिप्पट तरी असावे. उडवण्याच्या वर्तुळात कोणीही येऊ नये.

लिथियम-पॉलिमर बॅटरीबद्दलही तसेच. तीन सेलची, ३.३ अँपिअर-तासाची बॅटरी ११.१ व्होल्टवर सुमारे ३६ वॉट-तास ऊर्जा साठवते. घर्षण वगैरे सोडून दिले, तर दीड किलोचे विमान जवळजवळ एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत उचलायला ही ऊर्जा पुरेल. ती एकदम बाहेर पडली तर काय होईल, याची कल्पना करा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी बॅटरी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात ती चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, आणि चार्ज करताना मोठे माणूस जवळ असू द्या. थंडीतल्या शांत सकाळी उडवणे सर्वांत उत्तम.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात विमान आले की आपण 'उडते का?' एवढेच विचारतो. यापुढे 'बॅटरी इथेच का ठेवली?' असे विचारून पाहा. ज्याने विमान विकत आणले, तो गप्प होईल. ज्याने तोल काढला, तो वही उघडून दाखवील. गुण वहीला द्यावेत.

आणि मित्रांनो, तुमच्याकडे विमान नसले तरी हरकत नाही. पेन्सिलीवर फूटपट्टी तोलून ठेवा. टेकूपासून दहा सेंटिमीटरवर एक नाणे ठेवा. दुसऱ्या बाजूला पाच सेंटिमीटरवर तशीच दोन नाणी ठेवल्याशिवाय तोल साधत नाही, हे पाहा. तीच तुमची डाकोटा. एक नाणे शेपटीत आहे, दोन नाकात.